उत्तर पाठ करू नकोस, हँडओव्हर दे

ताई, नमस्कार. मी मिरजेतल्या एका खासगी रुग्णालयात आयसीयूमध्ये नर्स आहे. वय 28. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग जीएनएम आणि पोस्ट बेसिक बीएस्सी. इंग्लंडला जायचं ठरवलंय, त्यासाठी आयईएलटीएस अकॅडमिक ही इंग्रजीची परीक्षा दोनदा दिली. दुसऱ्या वेळी ऐकणं 7.5, वाचन 7, लेखन 6.5 आणि बोलणं 6. एकूण बँड 7 आला म्हणून घरच्यांनी पेढे वाटले, पण बोलण्यात 7 नाही म्हणून सगळं अडलंय. क्लासमध्ये 60 क्यू कार्डांच्या, म्हणजे बोलण्याच्या परीक्षेत विषय देणाऱ्या कार्डांच्या, उत्तरांची वही मिळाली होती. नाईटला वेळ मिळेल तशी पाठ केली. परीक्षेत कार्ड आलं, ‘मोठ्या माणसाकडून शिकलेलं एखादं कौशल्य’. वहीत आजीकडून स्वयंपाक शिकल्याचं उत्तर होतं. ते म्हणायला लागले, मध्येच एक वाक्य विसरले आणि पुढचं सगळंच गेलं. मिनिटभराच्या आत संपलं. त्याआधी पहिल्या भागात परीक्षकाने मला दोनदा मध्येच थांबवलं, चिडलाय असं वाटलं. शेवटच्या भागात प्रश्न कळत होते, पण सांगण्यासारखं काही सुचेच ना. सर म्हणतात, तुझ्या उत्तरांना स्ट्रक्चर नाही, आता 100 उत्तरांची नवी वही घे. स्ट्रक्चर म्हणजे नक्की काय करू? माझे उच्चार मराठी आहेत, ते बदलावे लागतील का? की सरळ ओईटी, म्हणजे आरोग्यक्षेत्रातल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा, देऊ?

— एक सिस्टर, मिरज

प्रिय सिस्टर,

100 उत्तरांची वही घेऊ नकोस. पैसे आधीच भरले असशील तर गेले असं समज. 60 उत्तरांनी जे झालं तेच 100 उत्तरांनी होईल, फक्त पाठांतराच्या रात्री वाढतील.

आधी गुणांचं बघू. तुझ्या चार भागांची सरासरी 6.75 येते आणि आयईएलटीएसच्या नियमाने ती 7 धरतात, म्हणून पेढे. पण यूकेची नर्सिंग अँड मिडवाइफरी काउन्सिल, म्हणजे एनएमसी, एकूण बँडवर समाधान मानत नाही. ऐकणं, वाचन, बोलणं यांत प्रत्येकी 7 आणि लेखनात 6.5 हवेत. लेखनालाही आधी 7 लागायचे, ती अट 2018 च्या शेवटी खाली आली. बोलण्याची तशीच राहिली. 12 महिन्यांच्या आत दिलेल्या दोन परीक्षांचे गुण एकत्र दाखवायची सोय एनएमसी देते, पण त्यात दोन्हींपैकी एकाही वेळी बोलणं 6.5 च्या खाली गेलेलं चालत नाही. म्हणजे तुझा हा 6 त्या सोयीत बसत नाही. पुढच्या वेळी बोलण्यात 7 मिळाले आणि वाचनात 6.5 वर घसरलीस, तर या वेळचं वाचन मदतीला येणार नाही. चारही भागांची तयारी ठेवूनच जायचं आहे. क्लासवाले ‘फक्त स्पीकिंगचं बघू’ म्हणतील, त्यांचं ऐकू नकोस.

आता परीक्षकाबद्दल. तो चिडला नव्हता, घड्याळ बघत होता. बोलण्याची अख्खी परीक्षा 11 ते 14 मिनिटांची असते आणि तेवढ्यात तीन भाग संपवायचे असतात. पहिला भाग चार-पाच मिनिटांचा. त्यात घर, काम, आवडीनिवडी असे बरेच छोटे प्रश्न विचारून व्हायला हवे असतात. तू लांब बोलत राहिलीस की तो थांबवतो आणि पुढचा प्रश्न घेतो. थांबवलं म्हणून गुण कापत नाहीत. पण तू घाबरलीस, आणि त्याची किंमत पुढे मोजलीस.

गुण कशाला मिळतात हे तुझ्या सरांनी एकदा तरी फळ्यावर लिहायला हवं होतं. चार गोष्टींना, प्रत्येकीला सारखेच: बोलण्याचा ओघ आणि त्यातली सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरणाचा आवाका आणि अचूकपणा, आणि उच्चार. तुझं मत बरोबर की चूक, तुझी गोष्ट खरी की रचलेली, आजी होती की नव्हती, याला एकही गुण नाही. आणि पाठ केलेलं बोलणं ओळखायला परीक्षक शिकलेले असतात. ते ओळखणं अवघडही नसतं. ‘तुम्ही कुठे काम करता’ याचं उत्तर अडखळत देणारी मुलगी कार्ड हातात येताच ‘प्लेथोरा’ आणि ‘वन्स इन अ ब्लू मून’ म्हणायला लागते, आवाज सपाट होतो, वेग वाढतो, नजर छताकडे जाते. मग एक शब्द निसटला की पुढचा सापडत नाही, कारण ती बोलत नव्हती, आठवत होती. तुझं नेमकं हेच झालं. आयईएलटीएसच्या गुणपट्टीत पाठ केलेल्या वाक्यांवर विसंबून राहण्याचा उल्लेख अगदी खालच्या, 2 आणि 3 बँडच्या वर्णनात येतो. तुला 6 मिळाले म्हणजे वहीच्या बाहेरचं तुझं इंग्रजी त्याहून खूप बरं आहे. त्याच्यावरच काम करायचं.

स्ट्रक्चर म्हणजे काय, हा तुझा खरा प्रश्न. तुला ते येतं. रोज ड्युटी बदलताना तू ते करतेस.

पुढच्या सिस्टरला हँडओव्हर देताना तू काय सांगतेस? बेड नंबर 4, काल रात्री दाखल झाले, आत्ता श्वास असा आहे. मग मागचा इतिहास, शुगर, बीपी, आधीचं ऑपरेशन. मग मला काय वाटतंय, लघवी कमी झाली आहे, लक्ष ठेवायला हवं. मग आता काय करायचं, सहा वाजता रक्त पाठव, डॉक्टरांना फोन कर. या क्रमाला एसबीएआर म्हणतात हे तुला माहीत असेल: परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज, सूचना. अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवर ही पद्धत निघाली आणि पुढे कैसर परमनेंटे या अमेरिकी आरोग्यसंस्थेने ती रुग्णालयांत आणली. पाणबुडीत काय किंवा आयसीयूत काय, ऐकणाऱ्याला वेळ नसतो आणि सांगणाऱ्याने भरकटायचं नसतं.

तू कधी हँडओव्हर पाठ करून दिलास का? शक्यच नाही, पेशंट रोज बदलतात. क्रम तोच राहतो आणि वाक्यं त्या त्या वेळी तयार होतात. मध्येच सिस्टरने ‘पोटॅशियम किती?’ विचारलं तर तू थांबतेस, सांगतेस आणि जिथे होतीस तिथून पुढे जातेस. वही हरवल्यासारखं काही होत नाही. परीक्षेत हेच करायचं आहे. क्रम अंगात मुरलेला हवा आणि वाक्यं ताजी हवीत.

यातली एक गोष्ट नीट बघ. हँडओव्हरमध्ये परिस्थिती आधी येते, इतिहास नंतर. आपण मराठीत गप्पा मारताना बरोबर उलटं करतो. ‘त्याचं काय झालं, मागच्या वर्षी आमच्या शेजारच्या काकू होत्या ना...’ इथून सुरुवात करून मुद्द्यावर शेवटी येतो. घरी ते छान लागतं. परीक्षेत मुद्द्यावर येईपर्यंत वेळ संपतो. म्हणून पहिल्या वाक्यात उत्तर, मग बाकीचं.

पहिल्या भागात हे पटकन होतं. ‘तुम्हाला पाऊस आवडतो का?’ उत्तर, एक कारण, एखादा तुझ्या आयुष्यातला बारकावा, थांब. दोन-तीन वाक्यं. ‘येस’ म्हणून गप्प बसणं वाईट आणि पावसावर निबंधही वाईट. पाऊस आवडत नाही, कारण स्कूटीवरून ड्युटीला जाताना युनिफॉर्म भिजतो, बस्स. एवढं तुला आजही जमेल.

दुसऱ्या भागावर मात्र थांबू, कारण तू तिथे पडलीस आणि तिथेच सगळ्यात जास्त कमावता येतं. कार्डावर विषय आणि त्याखाली तीन-चार मुद्दे असतात. विचाराला एक मिनिट, कागद-पेन्सिल मिळते, मग एक ते दोन मिनिटं बोलायचं. दोन मिनिटं झाली की परीक्षक थांबवतो आणि एखाददुसरा छोटा प्रश्न विचारतो.

तुझंच कार्ड घेऊ. मोठ्या माणसाकडून शिकलेलं कौशल्य. स्वयंपाक तुला वहीने दिला. खरं सांग, तुला पहिल्या वर्षी शीर शोधायला कोणीतरी शिकवलंच असेल ना? एखाद्या इनचार्ज सिस्टरने? मग ते सांगायचं. मी खाली मराठीत लिहिते, मुद्दाम. इंग्रजीत लिहिलं तर तू ते पाठ करशील.

‘म्हाताऱ्या माणसांना सलाईन लावायला मी शिकले ती आमच्या सीनियर सिस्टरकडून. शिकाऊ असताना मला त्यांची शीर सापडायची नाही. एका रात्री जुलाबाने कोरड्या पडलेल्या एक आजी आल्या. सिस्टर येईपर्यंत माझे दोन प्रयत्न फुकट गेले होते. त्यांनी मला ओरडलं नाही. आजींचा हात शेकला, कॉटच्या खाली लोंबता सोडायला सांगितला आणि म्हणाल्या, डोळ्यांनी शोधू नकोस, बोटांनी शोध. पुढच्या वेळी मला ती सापडली. आता मी नव्या मुलींना तेच शिकवते, आतापर्यंत कितीतरी जणींना शिकवलंय. त्या रात्री त्या नसत्या तर मी कदाचित वॉर्ड सोडून ओपीडी मागून घेतली असती.’

हे इंग्रजीत बोलताना काय काय लागेल बघ. पूर्वी व्हायचं त्याला ‘यूज्ड टू’ किंवा ‘कुडन्ट’. सिस्टर येण्याआधी दोन प्रयत्न झाले होते, तिथे ‘हॅड’. त्या म्हणाल्या, म्हणजे दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात आणणं. आतापर्यंत शिकवलंय, तिथे ‘हॅव’. नसत्या तर मागितली असती, तिथे ‘इफ’ आणि ‘वुड हॅव’. ज्याला परीक्षेत व्याकरणाचा आवाका म्हणतात तो या एका छोट्या प्रसंगात आपसूक आला. तो आला कारण गोष्ट काळात पुढे-मागे फिरली: आधी कशी होते, त्या रात्री काय झालं, आता काय आहे, ते झालं नसतं तर. जवळपास कुठल्याही कार्डाला हा क्रम लावता येतो. जागा असो, माणूस असो, वस्तू असो, चुकलेला निर्णय असो. हेच तुझं एसबीएआर.

मिळालेल्या मिनिटात वाक्यं लिहू नकोस. शिकाऊ, आजी, दोन सुया, शेक, आता मी. एवढे पाच शब्द, इंग्रजीत, एकाखाली एक. कार्डावरच्या सगळ्या मुद्द्यांना सारखा वेळ द्यायला हवा असंही नाही. ‘कोण’ आणि ‘कधी’ एका वाक्यात उरकतात. ‘कसं’ आणि ‘का’ यांच्यावर रेंगाळ. तू मिनिटाच्या आत संपलीस, कारण स्वयंपाक शिकण्यात तुझ्याकडे बारकावा नव्हता. लोंबत्या हाताचं तू पाच मिनिटंही बोलशील.

एक सावधगिरी. परीक्षक नर्स नसतो. ‘कॅन्युला’, ‘डिहायड्रेशन’ म्हणालीस तर लगेच साध्या शब्दांत सांग, एक बारीक नळी, अंगातलं पाणी कमी होणं. यात गुणही आहेत. शब्द येत नसेल तेव्हा दुसऱ्या शब्दांनी तेच सांगता येणं शब्दसंपत्तीत मोजतात, आणि ‘प्लेथोरा’पेक्षा ते कितीतरी उपयोगाचं. नातेवाइकांना तू रोज हेच करतेस, कधी मराठीत, कधी सीमेपलीकडून आलेल्यांना मोडक्या कन्नडमध्ये.

आता एक दुखणं, जे मराठी बोलणाऱ्यांत फार दिसतं आणि ज्यावर क्लासमध्ये कोणी बोलत नाही. आपण गोष्ट सांगताना भूतकाळातून सहज वर्तमानात उडी मारतो. ‘मी धावत गेले, आत बघते तर काय, आजी उठून बसलेल्या!’ मराठीत ही उडी गोष्टीत जान आणते. तीच सवय इंग्रजीत आली की ‘आय वेन्ट इनसाइड अँड आय सी’ होतं आणि परीक्षकाला ती काळाची चूक दिसते. दोन मिनिटांच्या गोष्टीत अशा सहा-सात उड्या पडल्या तर 7 अवघड. भरीला आपण ‘वर्क्ड’, ‘आस्क्ड’ यांचा शेवटचा आवाज गिळतो, म्हणजे भूतकाळ बरोबर म्हटला तरी ऐकणाऱ्याला वर्तमानच ऐकू येतो. तुझं रेकॉर्डिंग ऐकताना पहिले आठ दिवस दुसरं काही बघू नकोस, फक्त क्रियापदं. मग ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ छापाची वाक्यं पकड. ‘अ’ आणि ‘द’ यांच्यामागे आत्ता लागू नकोस, त्या चुका 7 वाल्यांच्याही होतात आणि त्यांनी अर्थ अडत नाही.

तिसऱ्या भागात सुचत नव्हतं म्हणतेस. तिथे प्रश्न तुझ्याबद्दल नसतात, लोकांबद्दल असतात. पूर्वी लोक मोठ्यांकडून शिकायचे, आता मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकतात, यात काय गमावलं? पुढे काय होईल? तू बहुधा ‘माय अंकल’वर जाऊन अडकलीस, किंवा काहीतरी मोठं, भाषणातलं बोलायला हवं असं वाटून गप्प झालीस. इथेही मत आधी. मग कारण. मग एक उदाहरण, आणि इथे तुझ्या वॉर्डातलं चालतं. मग ‘पण सगळीकडे असं नाही’ असं एखादं वाक्य. उदाहरणावरून परत ‘लोकांकडे’ यायला विसरू नकोस, तीच पायरी बहुतेक जणींची सुटते. व्हिडिओ बघून शीर कुठे असते ते कळतं, ती बोटाला कशी लागते ते कळत नाही. हाताने करायच्या कुठल्याही कामाचं असंच आहे, सुतारकामाचंही. पण इंग्रजीचे उच्चार मात्र आजीपेक्षा मोबाइलवर बरे शिकता येतील. झालं की मत. यात थोर काहीही नाही आणि लागतही नाही.

प्रश्न कोणत्या जातीचा आहे तेवढं ओळख. तुलना असेल तर आधी आणि आता. भविष्य असेल तर ‘विल’चा मारा करू नकोस, ‘माइट’ आणि ‘इज लाइकली टू’ वापर. कारण विचारलं असेल तर दोन कारणं पुरतात, तीन मोजायला गेलीस तर तिसरं सापडेपर्यंत गप्प बसशील. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचार, या भागात परीक्षक तो वेगळ्या शब्दांत विचारू शकतो. थोडं थांबून विचार केलास तरी चालतं. विचार शोधायला थांबणं आणि शब्द शोधायला थांबणं यात परीक्षक फरक करतात, पहिलं वरच्या बँडवालेही करतात. ‘ॲक्च्युअली, बेसिकली, लाइक’ असं भरत बसण्यापेक्षा दोन सेकंदांची शांतता बरी.

आणि न सुचण्याचं मूळ इंग्रजीत नसेल, हेही बघ. या प्रश्नांवर तू मराठीतही कधी विचार केला नसशील. आयसीयूत तू असं बरंच बघतेस जे परीक्षकाने बघितलेलं नसतं. म्हाताऱ्या आई-वडिलांना शेजारी घेऊन येतात, कारण मुलं पुण्यात किंवा परदेशात. बिल भरायला भाऊ भाऊ बाहेर उभे राहून वाद घालतात. म्हातारपण, पैसा, शहरं, नोकऱ्या, तिसऱ्या भागातले निम्मे विषय तुझ्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेले असतात. ड्युटीवरून घरी जाताना रोज एका विषयावर आधी मराठीत मत ठरव. मग त्याचं पहिलं वाक्य इंग्रजीत.

सरावासाठी 60 कार्डं नकोत. स्वतःच्या आयुष्यातले आठ-दहा प्रसंग काढ, ज्यात बारकावे आहेत. शीर शोधणं. रात्री बंद पडलेली एसटी. पहिला पगार. कोविडमधला एखादा दिवस, सांगवत असेल तर. मग अनोळखी कार्ड उचलायचं आणि यातला कोणता प्रसंग इथे चालेल ते मिनिटभरात ठरवायचं. शीर शोधण्याची गोष्ट ‘मोठ्या माणसाकडून शिकलेलं’ला चालते, ‘आदर वाटणाऱ्या व्यक्ती’ला चालते, ‘अवघड वाटलेलं काम’ला चालते, ‘मिळालेला चांगला सल्ला’ला तर फारच. दर वेळी सुरुवात बदलेल, रेंगाळण्याची जागा बदलेल. खरी तयारी या वळवण्याची आहे. वहीत ती मिळत नाही.

भाषा शिकवणाऱ्यांत 4-3-2 नावाचा जुना सराव आहे. तीच गोष्ट एकाला चार मिनिटांत सांगायची, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन. तिसऱ्यांदा सांगताना अडखळणं आपोआप कमी होतं. तू म्हणशील, हे पाठांतरच की. नाही, कारण लिहिलेलं काही नसतं आणि वेळ कमी झाल्यामुळे वाक्यं दर वेळी नव्याने करावी लागतात. ऐकायला माणसं नसतील तर मोबाइलला सांग. आठवड्यातून एकदा स्वतःच्या रेकॉर्डिंगमधलं एक मिनिट जसंच्या तसं कागदावर उतरव, अडखळण्यासकट. लाज वाटेल, पण कुठलाच क्लास इतकं स्पष्ट दाखवत नाही.

तुमच्याकडे केरळची एखादी सिस्टर असेलच. तिच्याशी तू हिंदीत बोलत असशील. आजपासून इंग्रजीत बोल, निदान चहाच्या वेळी. ती सुद्धा बाहेर जायच्या तयारीत असण्याची शक्यता बरीच आहे. आणि हँडओव्हर तिला पूर्ण इंग्रजीत दे, ‘पेशंट थोडा रेस्टलेस वाटतोय’ अशी खिचडी न करता. रोज पाच मिनिटं फुकटचा सराव.

उच्चार. मराठी वळणाने बोललीस म्हणून गुण जात नाहीत. ऐकणाऱ्याला कष्ट न पडता कळलं की झालं, लंडनची नक्कल करायला गेलीस तर उलट कळायचं बंद होईल. काम करायचं ते जोरावर. आपण सगळी अक्षरं एकाच वजनाने म्हणतो. इंग्रजीत ‘डेव्हलप’मध्ये जोर ‘व्हे’वर, ‘हॉटेल’मध्ये ‘टेल’वर, आणि वाक्यातही महत्त्वाच्या शब्दावर. ‘डोळ्यांनी नको, बोटांनी’ म्हणताना मराठीत तू बोटांवर जोर देतेसच, तेवढाच इंग्रजीत दे. जमलं तर ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ वेगळे म्हणायला शिक, पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला लागतात, दुसऱ्यात ओठ गोल होतात.

ओईटी एनएमसीला चालते. बोलणं, ऐकणं, वाचनात बी आणि लेखनात सी प्लस लागतो. बोलण्यात नर्सिंगचेच दोन प्रसंग असतात, प्रत्येकी साधारण पाच मिनिटांचे, तयारीला तीन-तीन मिनिटं, समोरचा पेशंट किंवा नातेवाईक होऊन बोलतो. ऐकून मोह होईल. पण तुझे पेशंट मराठी-कन्नड बोलतात, इंग्रजीत धीर द्यायची, समजूत घालायची तुला सवय नाही. लेखनही वेगळं, पेशंटबद्दलचं पत्र, आणि फी आयईएलटीएसपेक्षा बरीच जास्त. तुझे तीन भाग जागेवर आहेत, एका भागासाठी सगळी परीक्षा बदलू नये असं माझं मत. पुढच्या खेपेला बोलणं 6.5 वर अडलं तर मात्र पुन्हा विचार कर.

तारीख आत्ताच घेऊ नकोस. दर खेपेला सतरा हजारांच्या वर जातात, तुझ्या पगारात ते लहान नाहीत. न पाहिलेली तीन कार्डं ओळीने दीड मिनिटाच्या पुढे बोललीस, आणि ऐकताना क्रियापदं जागेवर दिसली, की तारीख घे. दोन-तीन महिने लागतील असं धर. ‘पंधरा दिवसांत 7’ची पाटी लावणाऱ्याकडे जाऊ नकोस.

आणि बोलण्याची परीक्षा बाकीच्या तीन भागांच्याच दिवशी असेल असं नाही, आठवडाभर आधी किंवा नंतरही असू शकते. पुण्याचं केंद्र घेतलंस तर दोन खेपा पडतील, रजा तशी मांडून ठेव. नाईट करून, महालक्ष्मी एक्सप्रेसने अपरात्री उतरून, स्टेशनवर तोंड धुऊन थेट केंद्रावर जायचं नाही. आदल्या दिवशी दुपारीच जा, कोणाकडे तरी राहा, पासपोर्ट बॅगेत आहे ना ते निघतानाच बघ. आणि सकाळी आत जाण्याआधी त्या केरळच्या मैत्रिणीला फोन लावून पंधरा मिनिटं इंग्रजीत काहीही बोल, म्हणजे दिवसाचं पहिलं इंग्रजी वाक्य परीक्षकासमोर पडणार नाही.

— ताई